थंड काळा, उबदार काळा

काळा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना आत बोलावतो, एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट्स समोर ठेवतो आणि चहाचं सांगून येतो. परत येईपर्यंत पाहुणा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत बसलेला असतो. मग हळूच विचारतो, "यातली एक जुनी आहे का हो?" दोन्ही कालच्याच असतात. एकीचा काळा निळसर, दुसरीचा चॉकलेटीकडे झुकलेला. कागद तोच, निगेटिव्ह तीच, हात माझेच. फरक असतो तो ट्रेमधल्या पाण्याचा.

त्या पाण्याला आम्ही डेव्हलपर म्हणतो. आमची मंदा म्हणते, "लोकांना डेव्हलपर डेव्हलपर सांगत नको फिरू ने, उद्या कोणीतरी टू बीएचके बुक करायला येईल." मंदा म्हणजे माझी बायको. तिचं सगळं आयुष्य बडोद्यात गेलंय, त्यामुळे मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला एखादा गुजराती "ने" चिकटतोच. माझाही चिकटतो, पण छापून येताना मी तो काढून टाकणार आहे.

बडोद्यातल्या अकोट्यात आमच्या घराच्या मागच्या अंगाला डार्करूम आहे. दर दिवाळीला मी जाहीर करतो की बस, आता बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत कोणीतरी निगेटिव्हचं पाकीट घेऊन दारात उभं असतंच. हल्ली तर कॉलेजातली पोरं जास्त येतात. मोबाईलवर दिवसाला ढिगानं फोटो काढतात आणि माझ्याकडे येऊन एक कागद ट्रेमध्ये सोडून त्याच्यावर डोळे लावून बसतात. चित्र उमटायला लागलं की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. मला अजूनही ते बघायला आवडतं, कबूल करतो.

बाहेरच्या माणसासाठी धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. डेव्हलपरमध्ये मुख्य पुड्या दोन. मेटॉल हा मऊ स्वभावाचा. तो आधी कामाला लागतो आणि चेहऱ्यावरच्या, कापडावरच्या फिक्या छटा उठवतो. हायड्रोक्विनोन मागाहून येतो आणि काळा दणदणीत करतो. सोडा घातला की दोघांना पाय फुटतात. आणि पोटॅशियम ब्रोमाइड हा घरातला म्हातारा: चिमूटभर असला तरी सगळ्यांना "सावकाश, सावकाश" म्हणत राहतो. ब्रोमाइड वाढवलं, द्रावण पातळ केलं आणि कागदाला उजेड जरा जास्त दिला, की काळा उबदार होतो, तपकिरीकडे जातो. याच्या उलट, बेन्झोट्रायझोल नावाचं एक औषध आहे, त्याचे थोडे थेंब टाकले की काळा थंड पडतो, निळ्याकडे सरकतो. आमच्या उन्हाळ्यात हे सगळं आणखी अवघड होतं. द्रावण इतकं तापतं की चित्र धावत सुटतं, म्हणून ट्रेमध्ये बर्फाची पिशवी सोडायची आणि आपण घाम पुसत उभं राहायचं. पुड्या कोणीही विकत आणू शकतो. कुठल्या फोटोला काय लागेल ते ठरवणं, एवढंच माझं काम.

हे मी शिकलो गोरव्यात, बडोद्याच्या कारखान्यांच्या भागात. त्या काळी माझं घर कारखान्यांच्या कॅटलॉगवर चालायचं. पंप, गिअर, व्हॉल्व्ह, सगळ्यांचे फोटो काढून छापून द्यायचे. एक व्हॉल्व्हवाले शेठ होते. त्यांना मी पहिल्यांदा लग्नाच्या फोटोंसाठी बनवलेल्या मऊ, उबदार डेव्हलपरमध्ये प्रिंट्स काढून दिल्या. तोच तयार होता, म्हटलं कोण पुन्हा बनवतंय. शेठनी प्रिंट लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "साळुंखेभाई, आ तो काट लागेलो लागे छे. मने चांदी जेवो जोईए." माल गंजलेला दिसतोय, चांदीसारखा पाहिजे. त्यांचं बरोबर होतं. मी घरी आलो, हायड्रोक्विनोन वाढवला, वर बेन्झोट्रायझोलचे थेंब टाकले आणि त्यांचे व्हॉल्व्ह असे काही चकाकले की शेठनी ते फोटो फ्रेम करून ऑफिसात लावले.

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. शेठ म्हणाले, तिचाही फोटो "चांदी जेवो" पाहिजे. मी म्हटलं नाही. ते म्हणाले पैसे कोण देणार आहे. मग मी दोन्ही तऱ्हेनं छापून त्यांच्या बायकोच्या हातात दिलं. बेननी थंड प्रिंट टेबलावर टाकली आणि नवऱ्याला विचारलं, "आ छोकरी छे के वाल्व?" ही मुलगी आहे की व्हॉल्व्ह? शेठनी उबदार प्रिंट उचलली. त्या दिवसापासून माझा नियम पक्का झाला, लोखंडाला थंड आणि माणसाला उबदार. तो मी येईल त्याला ऐकवत आलो आणि तो ऐकून आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही.

या नियमाला नाक मुरडणारी एकच व्यक्ती, मृणालिनी दिवेकर. इथल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर फोटोग्राफी शिकवली. मी त्यांना बाई म्हणतो. छपाईतलं माझ्याइतकंच त्यांना कळतं, आणि बघण्यातलं माझ्याहून जास्त. "साळुंखे," त्या म्हणायच्या, "माणसाला काय पाहिजे ते त्या माणसाकडे बघून ठरवा. तुमच्या बाटलीकडे बघून नको."

बाई शहरातच, वासण्याला राहतात. त्यांचे यजमान वसंतराव रिफायनरीत इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर त्यांचं हृदय थकलं आणि शेवटचं वर्ष घरातच गेलं. त्या वर्षात बाईंनी त्यांचे फोटो काढले. गॅलरीत पेपर वाचताना, अर्धवट दाढी केलेले, भेंडी चिरताना, खुर्चीत डुलकी लागलेले. मी दोन-तीनदा भेटायला गेलो तेव्हा वसंतराव मला म्हणाले होते, "ही मला सोडत नाही बघा, आता तरी जरा विश्रांती द्या म्हणून सांगा." सांगताना हसत होते, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबले. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं. रंग पार उडालेला होता.

ते गेल्यावर बऱ्याच काळानं बाई निगेटिव्ह घेऊन आल्या. बरोबर कागदाचा एक डबा होता. तो कागद आता निघत नाही. उबदार जातीचा, जाड, आणि डेव्हलपर बदलला की खरोखर रंग बदलणारा. आजकालचे प्लॅस्टिकचे कागद कशात बुडवा, ढिम्म असतात. बाईंनी तो डबा वर्षानुवर्षं फ्रिजमध्ये जपला होता. त्यात एक पूर्ण संच निघेल आणि चाचण्यांपुरता थोडा उरेल, एवढाच माल. संच मुलीसाठी, केतकीसाठी करायचा होता. "तिच्याकडे तिच्या बाबांचं म्हणून हेच राहील," बाई म्हणाल्या. "बिघडलं तर पुन्हा करता येणार नाही, लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. एका कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या नेहमीच्या उबदार डेव्हलपरमध्ये वसंतरावांचा चेहरा छापला. मागच्या ओट्यावर, दिवसाच्या उजेडात बाईंनी पट्टी बघितली. "पिवळी," म्हणाल्या. मी ब्रोमाइड कमी केलं. "अजून पिवळी." मी ना थंड ना उबदार असा मधला डेव्हलपर बनवला. त्यावरही मान हलवली. शेवटी वैतागून मी व्हॉल्व्हवाल्या शेठचा डेव्हलपर काढला, थेंबांसकट. बाईंनी ती पट्टी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा निवळला. "हा," त्या म्हणाल्या. "हा वसंत. याच्यात एक पूर्ण प्रिंट काढा."

मी काढली. ट्रेमधून वर आलेला माणूस जिवंत वाटत नव्हता.

केतकी त्या आठवड्यात पुण्याहून आलेली होती. आईला न्यायला आली आणि तिनं वाळत टाकलेली प्रिंट पाहिली. मग म्हणाली, "आई, बाबा असे नव्हते गं."

"तू किती दिवस होतीस बघायला?" बाई म्हणाल्या. "मी रोज बघत होते."

केतकी गाडीत जाऊन बसली. हे बाईंनी बोलायला नको होतं, पण मी मध्ये कशाला पडू.

मध्ये मंदा पडली. पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा ती चहा घेऊन आली. ओट्यासमोर दोरीवर चादर वाळत होती, नीळ देऊन धुतलेली. बाई सहज म्हणाल्या, "मंदाताई, तुमच्याही चादरी पिवळ्या पडतात का हो? माझ्या तर सगळ्याच पडल्यात. पाणीच खराब झालंय." मंदानं चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "हो ने" म्हणून कप उचलून आत गेली.

बाई गेल्यावर मला म्हणाली, "त्यांना मोतीबिंदू आहे."

मंदाला कळणारच. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत तो पिकला होता तेव्हा स्वयंपाकघरातल्या टाइल्स पिवळ्या झाल्या म्हणून ती घासघासून दमली, माझ्यावर आणि टाइल्सवाल्यावर चिडली. ऑपरेशन होऊन घरी आली आणि दारातच थांबली. टाइल्स पांढऱ्याशुभ्र होत्या, पहिल्यापासूनच. मोतीबिंदू नुसता धुरकट नसतो, पिवळाही असतो. चहा गाळलेल्या फडक्यातून बघितल्यासारखं. आणि तो इतका हळूहळू चढतो की माणसाला पत्ता लागत नाही. बाईंना सगळंच पिवळं दिसत होतं, म्हणून त्या कागद थंड, आणखी थंड मागत होत्या. त्यांच्या डोळ्याला जी प्रिंट बरोबर दिसे, ती बाकी जगाला निळी पडलेली दिसायची.

मी आडवळणं घेत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना स्पष्ट सांगितलं, "बाई, डोळे दाखवून या. तोपर्यंत मी या डब्याला हात लावणार नाही."

"मी जन्मभर पोरांना बघायला शिकवलं, साळुंखे."

"म्हणूनच सांगतोय."

"माझ्या नवऱ्याचा रंग कसा होता हे आता तुम्ही मला सांगणार?"

बाईंनी डबा उचलला, निगेटिव्हचं पाकीट पिशवीत घातलं आणि गेल्या. थंड प्रिंट तेवढी माझ्याकडे राहिली. मग त्यांचा फोन नाही, निरोप नाही. मंदा म्हणाली, तू जरा गोड बोलायला हवं होतंस. मी म्हटलं, गोड बोललो असतो तर डबा संपला असता. पण रोज संध्याकाळी फोन वाजला की मी मंदाच्या आधी उठत होतो, हेही खरं.

शेवटी फोन केतकीचा आला. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा पुढच्या आठवड्यात आहे, आणि आई त्याआधी तुमच्याकडे येते म्हणतेय.

आल्या त्या काळा चष्मा लावून, केतकीचा हात धरून. नमस्कार-चमत्कार काही नाही, डबा आणि पाकीट ओट्यावर ठेवलं, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ती प्रिंट आणा."

मी आणून दिली. त्यांनी चष्मा काढला, उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि पाहिलं. मग हात बदलून डावा झाकला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. केतकी आणि मी उभे होतो. मला वाटलं, आता म्हणतील तुमचं खरं होतं. मी त्याची तयारीही करून ठेवली होती, मोठ्या मनानं "असू द्या बाई" म्हणायची. त्या भलतंच बोलल्या.

"वसंतच्या डॉक्टरांनी तेव्हा मला विचारलं होतं," बाई म्हणाल्या, "यांचे ओठ निळे कधीपासून दिसतायत? मी म्हणाले, कुठे निळे आहेत? मला वाटलं ते उगाच घाबरवतायत." उजव्या डोळ्यानं त्या प्रिंटकडे बघत होत्या. "असा दिसत होता तो? तुम्ही आला होतात घरी. खरं सांगा."

खोटं बोलणं सोपं होतं. पण या बाईंनी मला कधी खोटी तारीफ दिली नव्हती. "हो," मी म्हटलं. "बराचसा असाच."

"केतकी, तुलाही?"

केतकी रडत होती. तिनं मान डोलावली. "म्हणूनच 'असे नव्हते' म्हणाले मी, मला ही प्रिंट नको होती," ती म्हणाली. "मला आठवतच होते ते असे."

"मला आधी दिसलं असतं तर?" बाईंनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, बाई." डॉक्टर असतो तर काही सांगितलं असतं. मला फार वाईट वाटलं आणि ते लपवायला मी उगाच कपडे वाळत घालायची दोरी घट्ट करत राहिलो.

केतकी आईच्या खुर्चीशी खाली बसली. "आई, आम्ही कोणी आलो ना, की बाबा आमच्या तोंडाकडे बघायचे. आम्हाला काय दिसतंय ते त्यांना तिथे दिसायचं. मग थट्टा बंद, बोलणं बंद, नुसतं 'बरं आहे, बरं आहे'. तुझ्याशी मात्र भांडत असायचे. मी दारातून ऐकायचे आणि मला राग यायचा की हिला कसं काहीच वाटत नाही."

"मला काही दिसतच नव्हतं."

"हो. म्हणूनच ते तुझ्याशी भांडू शकायचे," केतकी म्हणाली.

बाईंनी पाकिटातून निगेटिव्हची कॉन्टॅक्ट शीट काढली. सगळे फोटो छोटे छोटे, एका कागदावर. बराच वेळ बघत राहिल्या. मीही मागून वाकून पाहिलं. इतके दिवस मी रंगाच्या मागे होतो, माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. आजारी माणसाचा फोटो काढताना तो माणूस कॅमेऱ्याकडे जसा बघतो तसं वसंतरावांनी एकदाही बघितलेलं नव्हतं. "झालं का तुझं?" असं म्हणणारा नवरा होता तो, दर फोटोत.

मग बाई बाईंसारख्या बोलल्या. "केतकी, डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकल."

"आई, वेडेपणा काय करतेस?"

"वेडेपणा नाही. मी त्याला वर्षभर कसा पाहिला ते आता फक्त या डोळ्यात आहे. मोतीबिंदू काढला की गेलं." माझ्याकडे वळल्या. "साळुंखे, ही थंड प्रिंट मी डाव्यानं बघणार. तुम्ही आतून पट्ट्या आणायच्या, त्या मी उजव्यानं बघणार. दोन्हींत वसंत सारखा दिसला की तो तुमचा डेव्हलपर. मग ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनाही माझा वसंत दिसेल."

मी या धंद्यात म्हातारा झालो, पण डेव्हलपर ठरवायची ही रीत मला सुचली नसती. मी एवढंच म्हटलं, "चहा झाला की सुरू करू."

ते काम मी विसरणार नाही. मी आत लाल दिव्यात पट्टी काढायचो, धुवायचो, पुसून, वाळवून बाहेर आणायचो. बाई एक डोळा झाकून थंड प्रिंट बघायच्या, मग हात बदलून पट्टी. "अजून उबदार." मी ब्रोमाइड वाढवायचो. "आता जास्त झालं, हा लग्नातला झाला." मी पाणी बदलायचो. मंदा ओट्यावर बसून गवार मोडत होती आणि मध्येच कोणाच्या बाजूनं काहीतरी बोलत होती. माझा नेहमीचा उबदार डेव्हलपर बाईंनी साफ नाकारला. त्यात वसंतराव ठणठणीत दिसत होते आणि ते त्यांनाही पटत नव्हतं. शेवटी जो जमला तो माझ्या कुठल्याच बाटलीत नव्हता. मेटॉल जास्त, हायड्रोक्विनोन जेमतेम, ब्रोमाइड माझ्या थंड आणि उबदारच्या मधलं, आणि द्रावण इतकं पातळ की चित्र उमटायला लागेपर्यंत माझाच धीर सुटत होता. त्याला लोखंडाचा म्हणता येत नव्हतं आणि माझ्या मते माणसाचाही म्हणता येत नव्हतं. बाईंनी उजवा डोळा झाकला, मग डावा, मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हाच," त्या म्हणाल्या.

पूर्ण संच आम्ही त्यातच छापला. एकही कागद फुकट गेला नाही आणि याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. प्रिंट्स वाळल्यावर केतकीला बोलावलं. तिनं त्या ओट्यावर एकेक करून मांडल्या, भेंडीचा फोटो, दाढीचा, डुलकीचा. मी मंदाच्या शेजारी उभा होतो आणि हात कुठे ठेवायचे ते मला सुचत नव्हतं.

"आजारी दिसतायत," केतकी म्हणाली. मग दाढीची प्रिंट हातात घेतली. "पण आता काहीतरी बोलतील असं वाटतंय."

बाईंनी ती प्रिंट तिच्याकडून घेतली. उजव्या डोळ्यानं पाहिली. डाव्या डोळ्यानं मात्र जरा जास्तच वेळ पाहिली, आणि आम्ही कोणी घाई केली नाही. मग प्रिंट खाली ठेवली, पदरानं डोळा टिपला आणि केतकीला म्हणाल्या, "लाव फोन दवाखान्यात. उद्याची मिळत असली तर उद्याची घे."